चावेपर्यंत आपलं, चावल्यावर कुणाचं?



मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत बचतीचा हिशेब बाजूलाच राहिला आणि दोन तास एका कुत्र्यावर गेले. गटातल्या एका ताईंची सात वर्षांची मुलगी शाळेतून घरी येत होती. वस्तीच्या वळणावर कुत्रं धावून आलं आणि पोटरीला चावलं. हे कुत्रं गटातल्याच एका काकूंच्या गोठ्यापुढं बसलेलं असतं. त्यांच्या शेळ्या राखतं, त्यांच्या दारची भाकरी खातं, त्यांनी हाक मारली की शेपूट हलवत येतं. पण मुलीची आई जाब विचारायला गेली तेव्हा काकू म्हणाल्या, "ते कुठं आमचं हाय? येतंय आपलं भाकरीला." तिकडं मुलीच्या चुलत्यांनी काठ्या काढल्या. आज रात्रीत त्याचा निकाल लावतो, म्हणाले.

काकू लबाड बाई नाहीत. गटाचा एक हप्ता त्यांनी कधी चुकवला नाही. तरी कालपर्यंत "आमचा मोत्या" म्हणणाऱ्या काकू एका दिवसात मोत्याला ओळखेनात. आम्ही बैठकीत विचारलं, कुत्र्याचं काय करायचं ते नंतर बघू, आधी ते कुणाचं ते तर ठरवा. आणि तिथंच सगळं अडलं. हा अडलेला गाडा काही आपल्याच वस्तीचा नाही. तो किती जुना आहे, ते आज सांगायचं आहे.

सुरुवात साताऱ्यापासूनच करू. सातारा शहराजवळ कृष्णा आणि वेण्णा मिळतात तिथं संगम माहुली आहे. देवळं बघायला, दशक्रियेला आपण जातोच. तिथं राजघराण्यातल्या माणसांच्या समाध्या आहेत आणि त्यांच्याच शेजारी एका कुत्र्याची समाधी आहे. छत्रपती शाहू महाराजांचा हा लाडका कुत्रा, खंड्या. शाहू महाराज १७०८ साली साताऱ्यात गादीवर बसले आणि १७४९ मध्ये वारले. शिकारीत वाघ अंगावर आला तेव्हा या कुत्र्यामुळं महाराज वाचले, असं सांगतात. महाराजांनी त्याला जहागीर दिली, पालखीचा मान दिला. पुढं साताऱ्यात इंग्रजांचा अधिकारी म्हणून राहिलेल्या ग्रँट डफनं मराठ्यांचा इतिहास लिहिला, त्यात आणखी एक गोष्ट आहे. एकदा दरबारात एका सरदाराची भेट होती. महाराजांनी कुत्र्याला जरीचे कपडे आणि दागिने घातले, आणि स्वतःची पगडी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली. राजाचा विनोद आणि कुत्र्याचा थाट!

आमच्या गटातल्या एक मावशी हे ऐकून म्हणाल्या, "त्या खंड्यानं कुणाचा चावा घेतला असता तर महाराज म्हणाले असते का, येतंय आपलं भाकरीला?" नसते म्हणाले. त्या कुत्र्याला धनी होता आणि सगळ्या मुलखाला ते माहीत होतं.

गावच्या कुत्र्याचं तसं नाही. माण, खटाव, आटपाडी, जत या आपल्या दुष्काळी पट्ट्यात मेंढरांमागं जाणारं कुत्रं धनगरदादाचं असतं, ते रानात लांडग्याशी भिडतं. तिथं मालकीचा वाद नाही. पण वस्तीवरचं, पाराजवळचं, एस.टी. स्टँडवरचं कुत्रं सगळ्यांचं असतं आणि कुणाचंच नसतं. आपल्या धर्मातही त्याला जागा आहे. पलूस तालुक्यात कृष्णाकाठी औदुंबरला दत्ताचं दर्शन घेतो, त्या दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात. पालीचा खंडोबा तर कुत्र्याशिवाय मनात येतच नाही. म्हणून दारात आलेल्या कुत्र्याला भाकरीचा तुकडा टाकला नाही तर आपल्यालाच चुटपुट लागते. तुकडा टाकणं हे पुण्य. पण तुकडा टाकला की ते कुत्रं आपलं झालं का? या प्रश्नावरून मुंबईत एकदा चक्क दंगल झाली आहे.

ती गोष्ट १८३२ सालची. कंपनी सरकारचं राज्य होतं. मुंबईत मोकाट कुत्री वाढली, पिसाळलेली कुत्री चावायची आणि तेव्हा जगात कुठंच लस नव्हती. १८१३ पासून तिथं एक नियम होता. वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात १५ एप्रिल ते १५ मे आणि पावसाळा सरताना १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर, मोकाट कुत्री मारायची. एका कुत्र्यामागं आठ आणे इनाम. १८३२ मध्ये सरकारनं उन्हाळ्याची मुदत वाढवून १५ जूनपर्यंत नेली. आता आठ आणे त्या काळात थोडी रक्कम नव्हती. शिपाई रस्त्यावरच्या कुत्र्यांवर थांबेनात. घराच्या ओसरीवरची, आवारातली कुत्रीही ओढून नेतात अशी लोकांची तक्रार होती.

मुंबईच्या पारशी लोकांत कुत्र्याला मोठा मान. माणूस गेला की त्याच्या देहापुढं कुत्र्याला आणतात, त्या विधीला सगदीद म्हणतात. कुत्र्याला घास घालणं हाही त्यांचा धर्मच. ६ जून १८३२ रोजी, त्यांच्या सणाच्या दिवशी, कुत्री मारणाऱ्या दोन गोऱ्या शिपायांना लोकांनी गाठून मारलं. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. कुलाब्याच्या छावणीकडं जाणारी रसद अडवली, न्यायाधीशाच्या गाडीवर घाण फेकली. शेवटी लष्कर बोलवावं लागलं. पुढं धरपकड झाली, काहींना शिक्षा झाल्या. मग जमशेटजी जीजीभाईंसारखी वजनदार माणसं मध्ये पडली आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर न्यायची असं ठरलं. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजींनी आणि गुजराती व्यापाऱ्यांनी मिळून मुंबईत पांजरापोळ सुरू केला.

या दंगलीची गोष्ट बहुतेक जण प्राणिप्रेमाची म्हणून सांगतात. आम्हाला त्यात दुसरंच दिसतं. सरकारनं कुत्र्यांचे दोनच भाग केले होते, मालकाचं आणि मोकाट. लोकांच्या दारात मात्र तिसऱ्या जातीचं कुत्रं बसलं होतं. पट्टा नाही, साखळी नाही, पण रोजचा घास ठरलेला. शिपायाच्या नजरेत ते मोकाट, घासवाल्याच्या नजरेत आपलं. त्या भांडणात एक प्रश्न मात्र कुणीच विचारला नाही. हे कुत्रं एखाद्या हमालाच्या पोराला चावलं तर घास घालणारा त्याच्या घरी जाणार होता का?

मालकाबद्दल कायदा नंतर आला. १८६० मध्ये भारतीय दंड संहिता झाली. तिच्या २८९ व्या कलमात लिहिलं, की आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा मोठी इजा होण्याची शक्यता असताना जो जाणूनबुजून किंवा हयगयीनं त्याचा बंदोबस्त करत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसतं कुत्रंच नाही, मारका बैल, लाथाडणारी घोडी सगळं त्यात येतं. त्या काळात हजार रुपयांत जमीन आली असती. दंड मात्र एकशे साठ वर्षं हजारावरच राहिला. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात हेच कलम २९१ झालं आणि दंड पाच हजारांपर्यंत गेला. कैद तेवढीच.

म्हणजे बघा, कुत्र्याचं काय करायचं हे एका नियमात, मालकाचं काय करायचं हे दुसऱ्या कायद्यात. कुत्रं शिपायाकडं, मालक कोर्टाकडं. दोघांना एका जागी उभं करून कुणी विचारत नाही. खुद्द इंग्रजांच्या देशात तसं नव्हतं. तिथं १८७१ मध्ये कुत्र्यांचा कायदा झाला. धोकादायक कुत्र्याची तक्रार आली की न्यायाधीश मालकाला समोर बोलवायचा आणि सांगायचा, हे कुत्रं नीट आवरून ठेव, नाहीतर ते मारायचा हुकूम देतो. कुत्र्याचा जीव धन्याच्या वागण्याला बांधलेला. आपल्याला राज्यकर्त्यांनी रेल्वे दिली, तार दिली, ही गाठ मात्र दिली नाही.

इकडं चावलेल्या माणसाची काय गत होती, तेही सांगितलं पाहिजे. फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचली आणि तो मुलगा वाचला. हिंदुस्थानात चावा झालेल्या गोऱ्या सैनिकांना बोटीनं पॅरिसला पाठवायचे. आपल्या माणसाला बोट कुठली? १९०० मध्ये हिमालयाच्या पायथ्याच्या डोंगरात कसौलीला पाश्चर संस्था निघाली. तिथं डेव्हिड सेंपल या डॉक्टरनं १९११ मध्ये मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली. पुढं मुंबईच्या हाफकिन संस्थेतही लस बनू लागली. आपल्या सासूबाई, आजेसासूबाई ज्या "पोटातल्या चौदा इंजेक्शनां"ची भीती घालायच्या, ती हीच लस. बेंबीभोवती रोज एक सुई. काहींना त्या लसीनंच लुळेपणा यायचा. २००५ च्या सुमारास ती बंद झाली आणि दंडात टोचायची नवी लस आली.

त्या भीतीनं किती जणांनी दवाखाना टाळला आणि जखमेत तिखट भरलं, चुना लावला, मंतरलेली भाकरी खाल्ली, त्याचा हिशेब कुठल्याच दप्तरात नाही. आमच्या वस्तीवर आजही म्हातारी माणसं आधी चटणीचा डबा काढतात. म्हणून थोडं थांबून सांगतो. चावलं की जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची. तिखट नाही, हळद नाही, चुना नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं, लस फुकट आहे. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत भरायचं वेगळं औषध लागतं, ते मोठ्या रुग्णालयात मिळतं, तेही विचारून घ्यायचं. सुया अर्धवट सोडायच्या नाहीत. रोगाची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

कुत्र्यांकडं परत येऊ. स्वातंत्र्यानंतरही शहरांनी १८३२ चाच मार्ग धरला होता. मुंबई महापालिकेनं लाखांनी कुत्री मारली, तरी रस्ते रिकामे झाले नाहीत. एका आळीतलं कुत्रं गेलं की शेजारच्या आळीतलं येतं, कारण उकिरडा तिथंच असतो. शेवटी १९९४ मध्ये महापालिकेनं मारणं थांबवलं आणि नसबंदी सुरू झाली. २००१ च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारनं नियम केले, की मोकाट कुत्र्याला पकडायचं, नसबंदी करायची, लस द्यायची आणि होतं तिथंच सोडायचं. पाळीव कुत्र्याची लस, नसबंदी, परवाना ही मालकाची जबाबदारी. पुन्हा दोनच रकाने, पाळीव आणि मोकाट. आपल्या मोत्याला रकानाच नाही.

वाद काही मिटला नाही. डिसेंबर २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं उपद्रवी कुत्री मारायला पालिकांना परवानगी देणारा निकाल दिला, जानेवारी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. मग २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये नागपूरच्या खंडपीठानं आमच्या मनातलाच मुद्दा काढला. मोकाट कुत्र्यांना खाऊ घालायचं असेल तर ती दत्तक घ्या, घरी न्या, मग घाला. म्हणजे घास घालणारा तोच धनी. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं तेही थांबवलं. खाऊ घालतो म्हणून दत्तकच घे अशी सक्ती करता येणार नाही, म्हणाले.

आम्हाला दोन्ही पटतं. माया करणाऱ्याला शिक्षा झाली तर उद्या कुणी तुकडा टाकणार नाही, आणि उपाशी कुत्रं जास्त चावतं. पण रोज हाक मारून भाकरी घालणं, त्याच्या जिवावर शेळ्या निर्धास्त सोडणं, आणि दारात भटकणाऱ्याला कधीमधी तुकडा टाकणं, यात फरक आहे. राखणीचा फायदा ज्याच्या घरी जातो, त्याच्याच घरी चाव्याचा खर्चही गेला पाहिजे.

कोर्टात जाऊन हे होतं का? होतं, पण वेळ बघा. मुंबईत २०१० मध्ये एका माणसानं भांडणाच्या वेळी आपलं मोठं, परदेशी जातीचं कुत्रं गाडीतून बाहेर येऊ दिलं आणि ते एका वयस्कर माणसाला चावलं. गिरगावच्या न्यायालयानं मालकाला तीन महिन्यांची कैद सुनावली, ती २०२३ मध्ये. तेरा वर्षांनी. तो खटला लढणारा शहरातला, ऐपतीचा माणूस होता. आपल्यातली कोण तेरा वर्षं रोजगार बुडवून तारखांना जाईल? पंजाब आणि हरियाणाच्या उच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२३ मध्ये मोकाट जनावरांच्या हल्ल्यांबद्दल सरकारवर जबाबदारी टाकली. कुत्र्याच्या दाताच्या प्रत्येक खुणेमागं किमान दहा हजार रुपये भरपाई. तो निकाल त्या राज्यांपुरता. पण कुणीतरी चाव्याचा हिशेब दातांत मोजला, हे आम्हाला बरं वाटलं.

२०२३ मध्ये केंद्राचे नियम नव्यानं आले. त्यात हे काम महापालिका, नगरपालिकांबरोबर ग्रामपंचायतींचंही आहे. पिसाळल्याचा संशय असलेलं कुत्रंही काठीनं मारायचं नाही, वेगळं कोंडून ठेवायचं. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की शाळा, दवाखाने, बस स्थानकं, रेल्वे स्टेशनं इथून मोकाट कुत्री हलवा, नसबंदी-लस करा आणि परत तिथं सोडू नका. आदेश चांगला आहे. पण ती ठेवायची कुठं, असं ग्रामसेवकांना विचारलं तर ते आमच्याकडंच बघत राहतात.

आता मोत्याचं काय झालं ते सांगतो. चुलत्यांच्या काठ्या खाली ठेवायला लावल्या त्या आशाताईंनी. त्या म्हणाल्या, कुत्रं मारू नका, दहा दिवस बांधून ठेवा. चावल्यानंतर दहा दिवस कुत्रं धडधाकट राहिलं, तर चावताना त्याच्या लाळेत रोग नव्हता असं कळतं. मारून पुरलंत तर पोरीच्या आईनं काय बघायचं? सुया मात्र आजपासूनच चालू, कुत्र्याची वाट बघायची नाही. हे ऐकून चुलते गप्प झाले. आम्हीही गप्प झालो, कारण हे आम्हालाही ठाऊक नव्हतं.

पण बांधायचं कुणाच्या दारात? परत तेच! त्या वेळी मुलीच्या आईनं काकूंना विचारलं, "काकू, मागच्या दिवाळीत त्यानं चोर हाकलला, तेव्हा तुम्ही गावभर कुणाचं नाव सांगितलंत?" काकू बराच वेळ खाली बघत बसल्या. मग म्हणाल्या, खर्च किती पडंल या भ्यानं बोलले मी. आम्ही तिथंच वही काढली. दवाखान्याच्या खेपा चार, रिक्षाचं भाडं, आईचा बुडालेला रोजगार. रक्कम काकूंना एकदम झेपणारी नव्हती, म्हणून गटातून अंतर्गत कर्ज दिलं, बिनव्याजी नाही, नेहमीच्याच व्याजानं. काही जणींना ते कडक वाटलं. आम्हाला नाही वाटलं.

मोत्या दहा दिवस काकूंच्या गोठ्यात साखळीला होता. रोज संध्याकाळी मुलीची आई लांबून बघून जायची, तो खातोय का, पाणी पितोय का, आवाज बदललाय का. अकराव्या दिवशी तो जिवंत होता. मुलीच्या सुयाही पुऱ्या झाल्या. पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन त्याला लस दिली, आता दरवर्षी द्यायची आहे. शाळा सुटायच्या वेळेला तो बांधलेला असतो. मुलगी अजून वळणावरनं एकटी येत नाही, आई घ्यायला जाते.

त्यानंतर आम्ही बचतीच्या वहीच्या मागच्या पानांवर वस्तीतली कुत्री लिहून काढली. रंग, कुठं बसतं, कुणाची भाकरी खातं, लस कधी झाली आणि शेवटचा रकाना, धनी कोण. सतरा कुत्री निघाली. चौदा जणांपुढं घराचं नाव लागलं, त्यातल्या दोघांनी सही करायला आठवडा घेतला. उरलेली तीन स्टँडजवळची. एक काळं, एक लंगडं आणि एक ऊसतोड टोळी गेल्यावर मागं राहिलेलं. त्यांच्यापुढची जागा कोरी आहे. त्या जागी ग्रामपंचायतीचं नाव लिहायचं असं आमचं म्हणणं आहे, आणि येत्या ग्रामसभेत वही घेऊन आम्ही सगळ्या जाणार आहोत.